टोकाच्या नळाच्या टेंबे बाई

माणसाचं घराणं, तो दारी आलेल्याला पाणी कसं देतो यावरून ओळखावं, असं आपल्याकडे थोर माणसं सांगत आली आहेत. या कसोटीवर आमच्या गल्लीतली सगळीच घराणी थोर होती. पाहुणा आला की ट्रे यायचा, ट्रेवर विणलेला रुमाल, रुमालावर काचेचा पेला. टेंबे बाई तो पेला उचलायच्या, नाकाशी न्यायच्या, मग पर्समधून बोटाएवढी काचेची नळी काढून तिच्यात थोडं पाणी ओतायच्या. एका तपकिरी बाटलीतले दोन-तीन थेंब त्यात टाकायच्या आणि नळी खिडकीच्या उजेडात धरून बघत बसायच्या. पेला ट्रेवर तसाच. यजमान उभा.

"पिवळं आलं तर पिईन," त्या म्हणायच्या. "नाही आलं तर चहा टाका. त्याला उकळी तरी येते."

आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा नळीतल्या पाण्याचा रंग काही बदलला नाही. माझी बायको शैला म्हणाली, "अहो, आमचं आरओचं पाणी आहे. मशीनचं."

"तेच म्हणते नं मी. क्लोरीन त्या मशीनने काढून टाकलं, आता त्या मशीनला कोण तपासतं?"

"मशीनवाला येतो की."

"येतो, आणि फिल्टर बदला म्हणून सांगतो. मी पाण्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं काय फिल्टर विकत होते का? नळाचं द्या."

नळाचं पाणी दिलं. त्याला फिकट पिवळी छटा आली आणि बाई ते गटागट प्यायल्या. शैला त्यानंतर आठ दिवस धुमसत होती. दिलेल्या पाण्यात दोष काढणारी बाई तिने पहिल्यांदाच पाहिली होती, आणि दोष खरा होता हे तिला अधिक झोंबलं होतं.

सुधा टेंबे मूळच्या ग्वाल्हेरच्या. भोपाळला पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि निवृत्तीच्या पैशांतून तिथल्याच अवधपुरीत आमच्या गल्लीतलं अगदी शेवटचं घर घेतलं. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर "टाइमच नाही मिळाला, दर तासाला सँपल असायचं" असं सांगायच्या. विचारणारा हसायचा, त्या हसायच्या नाहीत. त्यांची मराठी ग्वाल्हेरची, म्हणजे हिंदीत निम्मे पाय सोडून बसलेली. "परेशान होऊ नका" आणि "फालतू बोलू नका" ही त्यांची दोन आवडती वाक्यं. पहिलं आजारी माणसासाठी, दुसरं कॉलनी समितीच्या अध्यक्षांसाठी.

थेंबांचं प्रकरण साधं होतं. धरणाचं पाणी गाळून, त्यात क्लोरीन सोडून ते शहरात पाठवतात. वाटेत कुठे घाण मिसळली तर ते क्लोरीन तिला मारण्यात खर्ची पडतं. तुमच्या नळापर्यंत थोडं क्लोरीन शिल्लक राहिलं असेल तर बाईंचे थेंब पडताच नळीतलं पाणी पिवळं होतं. नसेल तर होत नाही. म्हणजे पिवळा रंग त्या थेंबांमुळे येतो. पाणी स्वच्छ असो वा घाण, थेंब पडण्याआधी त्यानं पिवळं असता कामा नये. वाचकांनी एवढं नीट लक्षात ठेवावं. आमच्या कॉलनीनं ठेवलं नाही.

"माझी पूर्ण नोकरी काही न होण्यासाठी होती, सर," त्या मला एकदा म्हणाल्या. "एकतीस वर्षं काही झालं नाही. निरोपाच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, टेंबे मॅडम ने इतने साल क्या किया, किसी को पता ही नहीं चला. मला वाटलं चला, एकाला तरी कळलं."

आमची कॉलनी पाण्याचं बिल भरत नसे. हा आळस नव्हता. त्यामागे तत्त्वज्ञान होतं, आणि ते कॉलनी समितीचे अध्यक्ष चतुर्वेदीजी यांचं होतं. चतुर्वेदीजी निवृत्त अधिकारी. कोणत्या खात्यातले हे त्यांनी कधी सांगितलं नाही, अधिकारी होतो एवढं रोज सांगितलं. दर सभेत ते उभे राहून, चष्मा काढून म्हणायचे, "जल प्रकृति का वरदान है. और वरदान का बिल नहीं होता." टाळ्या पडायच्या. मीही वाजवल्या आहेत. वाक्य ऐकायला चांगलं होतं.

हे वरदान सकाळी पाऊण तास यायचं आणि सगळ्यांना पुरायचं नाही. म्हणून प्रत्येक घरानं नळाच्या लाइनीवर थेट अर्ध्या अश्वशक्तीची मोटर बसवली होती. लाइनीवर मोटर लावायला बंदी आहे, त्यामुळे ती पायरीखाली, कुंडीमागे किंवा पत्र्याच्या डब्याखाली असायची. मोटरनं ओढलेलं पाणी गच्चीवरच्या टाकीत, टाकीतून आरओमध्ये, आणि लग्नकार्य असेल तर वरून वीस लिटरचे कॅन. नळाला पैसे द्यायचे नाहीत या एका तत्त्वासाठी आम्ही मोटरवाल्याला, टाकीवाल्याला, मशीनवाल्याला, कॅनवाल्याला आणि मधूनमधून डॉक्टरला पैसे देत होतो. बाईंच्या दारात मोटर नव्हती. घर टोकाला असल्यामुळे सगळ्यांच्या मोटरी दमल्या की उरलेलं पाणी त्यांच्याकडे यायचं, करंगळीएवढ्या धारेनं. आणि बिल भरणारं घर सबंध गल्लीत तेवढं एकच.

"बाई, तुमच्याकडे धड पाणी येत नाही," मी एकदा विचारलं. "मग बिल कशाचं भरता?"

"ओरडायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे बिल नाही भरलं तर कोणत्या तोंडाने ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटू? तुमचे चतुर्वेदीजी एवढं मोठं निवेदन घेऊन जातात, तिथला बाबू विचारतो, कनेक्शन नंबर बताइए, बकाया कितना है? हे गप परत येतात. मी पावती समोर ठेवते. मग बाबू खुर्ची देतो. पाणी लगेच नाही देत, पण खुर्ची देतो. तिथून सुरुवात होते, सर."

"पण वरदान..."

"फालतू बोलू नका. वरदान तळ्यात आहे. जा, ओंजळ भरा, कोण अडवतंय? तुम्हाला ते स्वयंपाकघरात पाहिजे, रोज पाहिजे, आणि त्यात दुसऱ्याच्या पोटातलं नको आहे. ते 'नको' करायला माणसं बसलेली असतात. मी बसायची. न झालेल्या दुखण्याचे पैसे द्यायला तुमच्या जिवावर येतं. झालेल्याचे बरे देता, रांगेत उभं राहून!"

मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलं. न झालेल्या गोष्टींचा इतिहास कुणी लिहीत नाही, हे मला बाईंच्या आधी कुणी सांगितलं नव्हतं. पटलं, आणि घरी जाऊन मी मोटर चालू केली.

मोटरींबद्दल बाईंनी एकदा सबंध सभेला समजावलं होतं. टेबलावर एक स्वच्छ पाण्याचा पेला, एक बीटाच्या रसाचा वाडगा, आणि सलाइनची लांब नळी. नळीला मध्यभागी सुईनं भोक पाडलेलं. नळीचं एक टोक पेल्यात, भोक पडलेला भाग वाडग्यात बुडवलेला, आणि दुसरं टोक त्यांनी चतुर्वेदीजींच्या हातात दिलं.

"खींचिए, भाईसाहब."

चतुर्वेदीजींनी ओढलं. तोंडात लालभडक पाणी आलं, ओठ रंगले, पांढऱ्या कुडत्यावर दोन थेंब पडले.

"पेल्यात तर साफ पाणी होतं," बाई म्हणाल्या. "हा वाडगा म्हणजे आपल्या दारातली नाली. आपले सगळ्यांचे पाइप नालीतूनच गेलेत आणि गंजलेत. पाइपात जोर असतो तोवर भोकातून पाणी बाहेर जातं. तुम्ही मोटरनी ओढलं की नाली आत येते. तुमच्या मोटरनी ती तुमच्याच घरी येईल असं पण नाही. पुढच्याच्या घरी जाईल."

लोकांना प्रयोग फार आवडला. पुन्हा करून दाखवा म्हणाले. कुणीतरी चतुर्वेदीजींच्या ओठांचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या मोटरी चालू होत्या.

मात्र एक परिणाम झाला. बाई प्रसिद्ध झाल्या, आणि प्रसिद्ध माणसाचा सत्कार केल्याशिवाय चतुर्वेदीजींना राहवत नसे. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर बाईंना शाल, श्रीफळ आणि एक मानपत्र मिळालं. भाषणात चतुर्वेदीजी म्हणाले, "टेंबे मैडम ने हमें सिखाया, पीला मतलब शुद्ध!" बाई शेजारून म्हणाल्या, "ट्यूब में, भाईसाहब. दवाई डालने के बाद." माइक तोपर्यंत पुढे गेला होता.

मग गेटच्या भिंतीवर घोषवाक्य रंगवायचं ठरलं. चतुर्वेदीजी माझ्याकडे आले. "प्रोफेसर साहब, आप साहित्य के आदमी हैं." मी साहित्याचा माणूस नाही, पण असं कुणी म्हटलं की नाकारवत नाही. मी जरा थट्टेनंच लिहून दिलं: 'पीला रंग, सेहत संग.' त्यांना ती थट्टा वाटली नाही. पेंटरनं ते निळ्या भिंतीवर पिवळ्या अक्षरांत, हातभर उंचीचं रंगवलं. बाई ते वाचून माझ्याकडे आल्या.

"हे तुम्ही लिहिलं?"

"गंमत म्हणून."

"पुसून टाका."

"समिती नाही म्हणेल आता."

"सर, तुम्ही पढेलिखे आहात. म्हणून जास्त भीती वाटते."

मी पुसलं नाही.

त्या वर्षी बाईंच्या माडीवर एक तरुण जोडपं भाड्यानं राहायला आलं. नवरा सुमित जवळच्या कारखान्यात तंत्रज्ञ, बायको पल्लवी, दोघं नागपूरकडची. पल्लवीला दिवस गेले होते. बाईंनी तिला जवळजवळ दत्तकच घेतलं. रोज सकाळी नळीत थेंब टाकून तिला दाखवायच्या. "बघ, आलं पिवळं. पी बिनधास्त. याचे पैसे भरलेत मी." पल्लवी हसायची. "काकू, तुमच्याकडे आली अन् माझा आरओचा खर्च वाचला बघा."

होळीनंतर गल्लीतली नाली तुंबली. ती साफ करायला कुणाला बोलवायचं यावर समितीच्या दोन सभा झाल्या. नाली पाइपांच्या वर चढून उभी राहिली. चैत्रात बाई भाच्याच्या मुलाच्या मुंजीला उज्जैनला गेल्या. पाच दिवसांसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पिवळसर पाणी आलं. थेंबांशिवाय. थेट तोटीतून.

मी ते पाहिलं. बादलीवर वाकलो तेव्हा वासही आला. काय वास होता हे सांगायला कोणत्याही थेंबांची गरज नव्हती. मी ती बादली संडासात ओतली, शैलाला म्हटलं, "आज नळाचं घेऊ नकोस," आणि पेपर वाचायला बसलो. एवढंच केलं. गल्लीतल्या दुसऱ्या कुणाला म्हणावंसं वाटलं नाही. आमच्याकडे मशीन होतं.

नऊच्या सुमाराला कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चतुर्वेदीजींचा निरोप आला. पाठ झाला आहे मला. 'सभी निवासियों को सूचित किया जाता है कि आज जल में जो पीलापन है वह क्लोरीन का है. टेंबे मैडम के अनुसार पीला जल पूर्णतः शुद्ध होता है. अफवाहों से बचें.' खाली माझं घोषवाक्य. खाली हात जोडलेली चित्रं, अंगठे, फुलं. एका गृहस्थांनी लिहिलं, 'बधाई हो, हमारे यहाँ तो सबसे ज़्यादा पीला है.'

ज्या ग्रुपवर बाईंच्या नावानं हा निरोप फिरला त्या ग्रुपवर बाई नव्हत्या. त्यांचा फोन बटणांचा होता. त्यांना उज्जैनला एक फोन केला असता तर अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता. मी केला नाही, कारण नाव बाईंचं होतं आणि चूक चतुर्वेदीजींची होती. चतुर्वेदीजींची फजिती झालेली बघायला मला आवडली असती. हे लिहितानाही शरम वाटते. पण लिहायचं तर हेही लिहिलं पाहिजे.

तीन दिवसांनी पाणी निवळलं. बाई परत आल्या. गेटवरच कुणीतरी सांगितलं, मॅडम, आपकी कृपा से तीन दिन एकदम पीला आया. बाई बॅग हातात घेऊनच माडीवर गेल्या.

"तू काय प्यायलीस?"

"नळाचंच ना, काकू. जरा वास होता. पण ग्रुपवर तुमचं नाव होतं."

बाईंनी तिला पुढचे कितीतरी दिवस पाणी उकळून दिलं. पण झालेलं झालं होतं. पाण्यातून येणारी कावीळ लगेच येत नाही. चार-पाच आठवडे ती कुठेतरी बसून राहते. त्यामुळे जबाबदारी झटकायला तिच्यासारखा आजार नाही. मे महिन्यात पल्लवीला उलट्या सुरू झाल्या, मग डोळे पिवळे झाले. सातवा महिना होता. तिला दवाखान्यात नेलं त्या दिवशी चतुर्वेदीजी मला म्हणाले, "पानीपूरी खाई होगी. ये लड़कियाँ मानती नहीं हैं."

मी बाईंबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई सुमितला सांगत होत्या की ही कावीळ एरवी बरी होते, पण गरोदर बाईला फार वाईट असते. टेंबे बाई भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभ्या होत्या. बोटानं एकेक आठवडा मागे जात होत्या. चैत्रातल्या त्या तीन तारखांवर बोट थांबलं. त्या वळल्या नाहीत.

पल्लवी खाटेवरून म्हणाली, "काकू, पिवळं आलं की चांगलं, असंच होतं ना?"

"परेशान होऊ नकोस," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी प्रथमच इतका बारीक ऐकला. "तुझं काही चुकलं नाही."

पल्लवी वाचली. मूल वाचलं नाही. मुलगी होती.

बाई बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला.

"माझी चूक झाली सर. मी लोकांना रंग शिकवला. वास शिकवायला पाहिजे होता. वासावर कुणी घोषवाक्य लिहिलं नसतं."

समितीनं शोकसभा घेतली. हा आमच्या कॉलनीचा हातखंडा. पांढऱ्या चादरी, दोन मिनिटं मौन, आणि चतुर्वेदीजींचं 'ईश्वर की इच्छा'. बाई शेवटच्या रांगेतून उठल्या.

"ईश्वराला मध्ये घेऊ नका," त्या म्हणाल्या, मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत, "जिसके घर में मोटर है, हाथ उठाइए."

एकही हात वर गेला नाही. माझाही नाही.

"ठीक है," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी यायच्या वेळी मी दात घासत अंगणात उभा होतो. गल्लीच्या तोंडाशी बाई दिसल्या. हातात कमरेएवढी लोखंडी सळई आणि खडू. लाइनमन लोक जमिनीखालची गळती ऐकायला अशी सळई वापरतात. एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं कानाशी. बाई एकेका दारासमोर वाकत होत्या, सळई पाइपाला लावत होत्या, क्षणभर ऐकत होत्या आणि फाटकावर खडूनं एक मोठं वर्तुळ काढून पुढे सरकत होत्या. गुडघे दुखायचे त्यांचे. प्रत्येक वेळी उठताना फाटकाला धरत होत्या. कुणी बाहेर येत नव्हतं. खिडक्यांतून बघत होते.

त्या आमच्या फाटकाशी आल्या. वाकल्या. ऐकलं. वर्तुळ काढलं.

"बाई, हे काय?" तोंडात फेस घेऊन मी म्हणालो.

"खूण. नावं लिहायला टाइम नाही, पाणी जाईल."

"अहो, आमची मोटर आज..."

"चालू आहे. या, तुम्हाला ऐकवते. या नं, लाजता काय?"

मी सळईला कान लावला. पाइपाच्या पोटात एक सलग, भरलेला घुमारा होता, चक्कीसारखा.

"हे काय आहे सांगू?" बाई माझ्या दुसऱ्या कानाशी म्हणाल्या. "हे पल्लवीच्या वाट्याचं पाणी तुमच्या टाकीत चाललंय. मग तिच्या पाइपात काय उरतं? काही नाही. आणि पाइपात काही नाही असं राहत नाही, सर. नाली जाते तिथे. तुम्ही चोर असता तर मी माफ केलं असतं. चोर एक वस्तू नेतो. तुम्ही नेता आणि बदल्यात ठेवून पण जाता."

त्यांच्या शेवटच्या घराशिवाय एकही फाटक वर्तुळाविना राहिलं नाही.

मी त्याच दिवशी मोटर काढली. हे पुण्य म्हणून सांगत नाही. पंधरा दिवस आमच्याकडे थेंब आला नाही, कारण बाकीच्या मोटरी चालू होत्या. सोळाव्या दिवशी मी ती परत बसवली. प्लंबरनं विचारलं, "साहब, इस बार एक हॉर्सपावर की लगा दूँ?" मी नको म्हणालो. त्या उन्हाळ्यातला माझा संयम तेवढाच.

समितीनं बाईंना लेखी नोटीस दिली. 'कॉलोनी के सौंदर्य को क्षति' असा विषय होता. फाटकं रंगवण्याचा खर्च का वसूल करू नये, असा प्रश्न होता. पल्लवी प्रकरणाचा उल्लेख नव्हता. बाईंनी नोटिशीच्या मागच्या बाजूला उत्तर लिहिलं, 'खडू पाण्याने जातो. स्वच्छ पाण्याने,' आणि ती परत पाठवली.

पावसाळ्याआधी सुमित आणि पल्लवी नागपूरकडे गेले. निघताना पल्लवी बाईंच्या पाया पडली; बाईंनी तिला अर्ध्यातच उठवलं आणि म्हणाल्या, "माझ्या नको पडू." दोघींपैकी कुणीच रडलं नाही, म्हणून बघणाऱ्यांना अवघड झालं. त्यानंतर बाईंनी गवंडी लावून स्वतःच्या घराचा पाइप नालीतून काढला आणि भिंतीच्या बाजूनं, उंचावरून नवा घातला. चतुर्वेदीजी बघायला आले. "अब तो आप अकेली हैं, मैडम. किसके लिए?" बाई म्हणाल्या, "जो अगला पिएगा."

दिवाळीनंतर त्यांचा भाऊ त्यांना ग्वाल्हेरला घेऊन गेला. गुडघ्यांनी आता एकटीनं राहणं होत नव्हतं. घर बंद झालं. मी स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी उशिरा होती. मी म्हटलं, "बाई, नळाचं कनेक्शन कापून घ्या आता. उगाच बिल कशाला?"

"नाही कापणार. कापलं की तिथवर लाइन होती हेच ते विसरतील. मग टोक तुमच्या घराशी येईल, मग चतुर्वेदींच्या. टोकाला कुणीतरी भरणारं पाहिजे, सर. नाहीतर ओरडणार कोण?"

"तुम्ही ग्वाल्हेरहून ओरडणार?"

"फोन आहे नं. बटणांचा आहे, पण लागतो."

गाडी आली. सामान चढवताना त्या म्हणाल्या, "तुम्ही चांगलं लिहिता, सर. पण कमी लिहा." त्यांनी मला दिलेला हा एकमेव साहित्यिक अभिप्राय.

या सव्वीस जानेवारीला आमच्या कॉलनीत जल-संकल्प समारोह झाला. मंडप होता, दिवे होते, शाळेच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं. बाईंना त्यांच्या अनुपस्थितीत 'आजीवन जल-प्रहरी' ही पदवी देण्यात आली. शाल रिकाम्या खुर्चीला पांघरली. चतुर्वेदीजींनी चष्मा काढला आणि रुमालानं डोळे टिपले. मग आम्ही सगळे उजवा हात पुढे करून उभे राहिलो आणि शपथ घेतली की जलाचा प्रत्येक थेंब पवित्र मानू, त्याचं मोल जाणू, आणि शेवटच्या घरापर्यंत त्याचा प्रवाह निर्मळ राखू. काही बायकांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझाही हात पुढे होता, ते नाकारत नाही.

शेवटच्या घराला कुलूप आहे. त्याचं पाण्याचं बिल दर महिन्याला ग्वाल्हेरहून भरलं जातं. गल्लीत थकबाकी नसलेलं तेवढं एकच घर आहे. त्याच्या नळाला पाणी येत नाही.